बोरीच्या पाण्यातला नळदुर्ग

केजहून तुळजापूरला निघालेली गाडी कळंब, येरमाळा, धाराशिव करत आईच्या दारात पोचते आणि दर्शन झाले की बहुतेक मंडळी तिथूनच माघारी वळतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग तिथून पुढे तासाभराच्या आत आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की इकडच्या लोकांना नळदुर्गची आठवण होते, कारण तेव्हाच किल्ल्यातले नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात. बाकीच्या वर्षात बाग, हिरवळ, बोटिंग आणि डबा खायला गार सावली. एवढ्यासाठीही जावे असेच ते ठिकाण आहे. पण ज्या पाण्याकाठी आपण बसतो ते मुळात लढाईसाठी अडवलेले आहे, आणि मराठवाड्याच्या मुक्तीची पहिली मोठी चकमक याच पाण्याकाठी झाली. ते माहीत नसेल तर नळदुर्ग अर्धाच पाहिला जातो.

बोरी नदी इथे काळ्या कातळात खोल घुसून वळण घेते. त्या वळणाच्या पोटातल्या पठारावर किल्ला आहे. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर आणि बुरूज ११४ सांगतात. नदीपलीकडच्या टेकाडावर मात्र शत्रूने तोफा चढवल्या असत्या तर अख्खा किल्ला माऱ्यात आला असता. म्हणून तिथे रणमंडळ नावाचा दुसरा, छोटा किल्ला बांधला. दोन किल्ल्यांच्या मध्ये नदी. ती ओलांडायची कशी आणि अडवायची कशी, या दोन्ही प्रश्नांना आदिलशाही कारागिरांनी एकच उत्तर दिले: बंधारा. त्यावरून रणमंडळाला वाट झाली, आणि मागे तुंबलेले पाणी खंदकाला आणि वेढ्याच्या दिवसांतल्या तहानेला, दोन्हीला पुरले.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे काम. फारसी शिलालेखात हिजरी १०२२, म्हणजे इसवी सन १६१३ हे साल आणि मीर इमादीन या स्थापत्यकाराचे नाव येते. बांधणाऱ्याचे नाव दगडावर राहण्याचे भाग्य आपल्याकडे फार थोड्या वास्तूंना मिळाले आहे, म्हणून ते इथे मुद्दाम लिहितो. बंधाऱ्याच्या जाड अंगातूनच खाली उतरायला वाट ठेवली आहे. पायऱ्या उतरत गेले की मधोमध एक देखणा महाल लागतो. हाच पाणी महाल. त्याच्या सज्जातून नदीच्या उताराकडचे दृश्य दिसते. पाणी वाढले की बंधाऱ्यावरच्या दोन वाटांनी ते खाली झेपावते. एक नर, दुसरी मादी. दोन्हीकडे नदी कोसळत असते आणि मधल्या दालनात माणूस कोरडा उभा असतो. चारशे वर्षे दर पावसाळ्याचा लोंढा अंगावर घेऊनही हे दगडकाम टिकले आहे. बंधारा नुसता भक्कम झाला असता तरी त्याचे काम भागले असते. त्याच्या पोटात बसून पाऊस बघावा, असे ज्याला वाटले त्या मनाविषयी मला फार आदर आहे.

उपळी बुरूज हे किल्ल्यातले सर्वात उंच ठिकाण. वर चढून गेले की चारी दिशांचा मुलूख नजरेत येतो, आणि तिथल्या लांबलचक तोफा पाहिल्या की पहारेकऱ्याला किती दुरून शत्रू दिसत असेल याचा अंदाज बांधता येतो. नऊ पाकळ्यांसारखा बांधलेला नवबुरूजही चुकवू नये.

राजवटी बदलत गेल्या. बहमनी, आदिलशाही, मोगल, मग निजाम. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे दिला आणि १८६० मध्ये तो परत मिळवला. मधल्या काळात इथे अधिकारी होता मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे विलायतेत नाव झालेला हा लेखक किल्ल्यातच राहत असे. त्या काळी आजच्या धाराशिव जिल्ह्यालाच नळदुर्ग जिल्हा म्हणत.

पुढचा काळ १९४८ चा. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे या मुख्य आघाडीची सूत्रे होती. हैदराबादचा रस्ता बोरीवरच्या पुलावरून जात होता. तो पूल उडवला गेला असता तर रणगाडे आणि गाड्या नदीच्या अलीकडेच अडकून पडल्या असत्या. नळदुर्गात निजामाच्या पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचे सैनिक होते. भारतीय फौजेच्या सातव्या ब्रिगेडने इतक्या वेगाने चाल केली की पूल शाबूत हाती आला, आणि दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला चढवला. सकाळी नऊच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी जळकोटला पोचली होती. दुपारी उमरगा.

त्याच सकाळी शीख पलटणीचा हवालदार बचित्तर सिंग नाक्यावर होता. लुधियाना जिल्ह्यातल्या लोपों गावचा हा जवान. समोरून भरधाव आलेल्या दोन गाड्या त्याने गोळीबार करून अडवल्या आणि ताब्यात घेतल्या. थोड्या वेळाने उंचावरच्या एका मोर्चातून तुकडीवर मारा सुरू झाला तेव्हा तो आपल्या जवानांना घेऊन त्यावर चालून गेला. मोर्चा तीसेक यार्डांवर असताना लाइट मशीनगनच्या गोळ्या त्याच्या मांडीत घुसल्या. तो पडला, तसाच सरपटत पुढे गेला आणि दोन हातबॉम्ब फेकून त्याने ती मशीनगन बंद पाडली. त्याने स्वतःला मागे नेऊ दिले नाही. तिथेच त्याला मरण आले. हैदराबादची कारवाई परक्या शत्रूशी केलेले युद्ध मानली गेली नव्हती. १९५२ मध्ये युद्धाबाहेरच्या अशा शौर्यासाठी जो सर्वोच्च सन्मान सुरू झाला, तो आजचा अशोकचक्र. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत बचित्तर सिंगचे नाव आहे.

१७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाला केजच्या तहसीलवर झेंडा चढतो तो या चार-पाच दिवसांच्या मोहिमेच्या शेवटाची आठवण म्हणून. स्टेट काँग्रेसचे सत्याग्रही, सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहून रझाकारांशी झुंजलेली तरुण पोरे, स्वामी रामानंद तीर्थ यांचे नेतृत्व, हे आपल्याकडे भाषणांत येते आणि यायलाच हवे. पंजाबातून येऊन बोरीकाठी पडलेला हवालदारही त्या ओळीत असला पाहिजे.

किल्ला आज राज्य संरक्षित स्मारक आहे. २०१४ मध्ये शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स कंपनीने तो देखभालीसाठी घेतला. झाडोरा निघाला, बागा उठल्या, पाण्यात बोटी आल्या आणि घरच्या बायका-मुलांना घेऊन जाता येईल असे ठिकाण झाले. जुन्या वास्तूत हिरवळ कशाला, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ओसाड किल्ल्यात काचा आणि दारूच्या बाटल्या साठतात. माणसांचा राबता असला की दगडावर नजर राहते. आमच्या शेजारच्या धारूरचा किल्लाही आदिलशाही सरदाराचाच, त्यातही तळी आहेत, आणि त्याच्या वाट्याला असा राबता अजून यायचा आहे.

बागेइतकीच इथे गरज आहे ती सांगणाऱ्या माणसाची. बोटीची वाट बघत बसलेल्या मुलाला हे पाणी कशासाठी अडवले ते कळावे, पुलावर काय झाले ते कळावे. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या वेळी पौष पौर्णिमेला मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा असते, गर्दी असते, धबधबे मात्र बहुधा थांबलेले असतात. केजच्या शाळांनी एखादे वर्ष सहल सप्टेंबरच्या मध्याला काढून बघावी. धरण भरले असेल तर नर-मादी चालू असतात आणि मुक्तिदिनही त्याच आठवड्यात येतो. आधी मुलांना बोरीच्या पुलापाशी उतरवावे, मग उपळी बुरुजावरून सोलापूरकडची दिशा दाखवावी, पाणी महाल शेवटी ठेवावा. पाण्याचा जोर असेल त्या दिवशी तिथल्या रखवालदाराने खाली सोडले तरच उतरावे.