साओ पाउलोला जाणाऱ्या सभासदांसाठी

सभासद बंधूंनो, ब्राझीलची ऊसशेती पाहायला जाणाऱ्यांचा पहिला मुक्काम बहुधा साओ पाउलो शहरात पडतो. शहर अफाट, गर्दी दांडगी. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस सरकारमान्य केंद्रात टोचून घ्यावी. साठी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पिवळे कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस एकदा घेतली की जन्मभर चालते.

२) तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. आपली सवय नेमकी उलटी, घात तिथेच होतो.

३) भर रस्त्यात मोबाईल हातात धरू नये. हिसकावून पळतात.

४) सकाळ-संध्याकाळ रस्ते तुंबतात. १९७४ पासून चालू असलेली मेट्रो बरी.

५) भाषा पोर्तुगीज. 'सें कार्नी' म्हणजे मांस नको. घेवड्याच्या आमटीतही मांस असू शकते, तेव्हा माळकरी मंडळींनी विचारूनच वाढून घ्यावे.

६) तिथला गळीत हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. जून-जुलैत थंडी असते, स्वेटर न्यावा.

तब्येत आणि कागद शाबूत, तर ऊस निवांत पाहता येईल.

— ऊस विकास अधिकारी