कोलारची खाण आणि खिशातली खाण

बंगळुरूपासून शंभरेक किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. त्यांच्यासाठी १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून वीज आणली गेली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. सोने संपले नव्हते, परंतु ते वर काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून अधिक झाला होता. हाच हिशेब मोबाइलवर ‘क्रिप्टो मायनिंग’ करू पाहणाऱ्यांनीही मांडायला हवा.

बिटकॉइनच्या उत्खननात संगणक एका गणिती कोड्याचे उत्तर अंदाजाने शोधत राहतो. साधारण दर दहा मिनिटांनी एकाचेच उत्तर ग्राह्य धरले जाते. त्यासाठी घडवलेले खास यंत्र सेकंदाला सुमारे शंभर लाख कोटी प्रयत्न करते आणि तीन किलोवॅटहून अधिक वीज खाते. अशा एका यंत्राच्या बरोबरीला लाखो फोन लागतील. मोनेरोसारखे चलन साध्या प्रोसेसरलाही झेपते. पण २०२० मध्ये एचटीसीच्या एका फोनवर ती सोय जाहीर झाली, तेव्हा खुद्द पुरस्कर्त्यांचा अंदाज दिवसाला अर्ध्या सेंटहूनही कमी उत्पन्नाचा होता. म्हणजे वर्षाकाठी शंभरेक रुपये! गूगल आणि ॲपल यांनी तर २०१८ मध्येच फोनवर उत्खनन करणाऱ्या ॲपना मज्जाव केला.

मग ‘मायनिंग’चे ॲप विकते काय? तर आशा. ‘एचपीझेड टोकन’ या ॲपने उत्खननयंत्रांत गुंतवणुकीच्या नावाखाली ५७ हजार रुपयांवर तीन महिने रोज चार हजारांचे आमिष दाखवल्याचे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. गुन्हा २०२१ मध्ये कोहिमात नोंदला गेला. पैशांचा माग काढत तपास सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूसह अनेक शहरांतील पेमेंट कंपन्यांपर्यंत पोहोचला आणि ४६ कोटी ६७ लाख रुपये गोठवले गेले. तोवर बरीच रक्कम अन्यत्र वळवली गेली होती.

आपल्या धोरणातील विसंगती येथेच दिसते. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे. उत्खननाच्या यंत्रणेवरील खर्चाची वजावट मिळणार नाही, हेही शासनाने स्पष्ट केले आहे. कर आकारण्याची ही तत्परता गुंतवणूकदाराच्या रक्षणात मात्र दिसत नाही. जमिनीतील खाणीसाठी पट्टा, आराखडा आणि पाहणी अनिवार्य असते. उत्खननाच्या नावाने जनतेकडून पैसे घेणाऱ्यालाही यंत्रे कोठे आहेत आणि विजेचे देयक किती येते, एवढे दोन प्रश्न आधीच विचारले जावेत.

कोलारमध्ये तोटा निदान ताळेबंदात दिसत होता. खिशातल्या खाणीचा तोटा दिसतो तेव्हा खाणमालक पसार झालेला असतो.