चार काड्यांचा चौकोन का कलंडतो?

काडेपेटीतल्या चार काड्या घ्या आणि त्यांचे गुल खरवडून टाका. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि प्रत्येक तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसा. झाला चौकोन! आता त्याचा कोपरा बोटाने जरासा दाबा. तो लगेच कलंडतो, पतंगासारखा तिरका होतो. एक काडी कमी करून त्रिकोण करा आणि पुन्हा दाबा. हा गडी हलायचं नावच घेत नाही!

रबर तेच, काड्याही तेवढ्याच लांबीच्या, मग हे झालं कसं? तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाला दुसरा आकार घ्यायला वावच उरत नाही. चौकोनाच्या बाजू ठरल्या तरी कोन मोकळे राहतात. रेल्वेच्या पुलात आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैच्यांत सगळीकडे त्रिकोण का असतात, हे चौथीतल्या पोराची बोटं प्रमेय शिकण्याआधीच ओळखतात.

हा खेळ अरविंद गुप्तांचा. 1975 साली आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. 1978 मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा कुठून असणार? पण सायकली होत्या, काडेपेट्या होत्या. त्यातूनच काड्यांचा हा ‘मेकॅनो’ जन्मला. ट्यूबच्या तुकड्याला मधोमध भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा होतो. भोकातून ट्यूबचाच दुसरा तुकडा ओवला की चार काड्यांचा. पाच काड्यांचे बारा सांधे आणि तीस काड्या जमवल्या, तर वीस त्रिकोणांचा गोलसर घुमट हातात येतो.

पुढे या खेळण्यांना पुण्यात हक्काचं घर मिळालं. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. तिची ‘पुलस्त्य’ ही वास्तू सुनीताबाई देशपांडे यांनी पु. लं.च्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून उभी राहिली. 2003 ते 2014 या काळात गुप्ता तिथे होते. अशोक रूपनेर आणि विदुला म्हैसकर यांच्यासोबत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी रचली आणि त्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत सर्वांना फुकट दिल्या. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांतली मोटर पाहाच. एक सेल, त्याच्या दोन टोकांना रबराने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, वर लोहचुंबक आणि पिनांच्या भोकांत अडकवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. या तारेवर इनॅमलचा थर असतो. तो दोन्ही टोकांना तीन बाजूंनी खरवडायचा आणि एक बाजू तशीच ठेवायची. सारी करामत त्या न खरवडलेल्या बाजूत आहे. वीज वाहते तेव्हा चुंबक वेटोळ्याला ढकलतो. पण अर्ध्या फेरीनंतरही वीज चालूच राहिली, तर धक्का उलटा बसेल आणि वेटोळं अडेल. नेमक्या त्याच वेळी इनॅमलची बाजू पिनेला टेकते, वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगाने उरलेली अर्धी फेरी पार करतं.

खेळणाऱ्यालाच कारागीर करण्याचा ध्यास दूर इंग्लंडमध्येही कुणी घेतला होता. गिल्डफर्डला 2006 साली चौघांनी मीडिया मॉलिक्यूल हा व्हिडिओ गेम स्टुडिओ काढला. 2008 मध्ये त्यांचा ‘लिटलबिगप्लॅनेट’ आला. त्यात सॅकबॉय या कापडी बाहुल्याला पळवता येतं, शिवाय त्याच्यासाठी नवं जगही रचता येतं. स्टुडिओने दिले ते स्पंज, दोर, पिस्टन आणि चुंबकी कळा. एका खेळाडूने शेकडो पिस्टन आणि कळा जोडून चक्क बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र उभारलं! 2020 च्या ‘ड्रीम्स’मध्ये तर शिल्प, संगीत, अख्खे गेमसुद्धा खेळाडूच घडवू लागले.

पुणे आणि गिल्डफर्ड, दोन्हीकडच्या मंडळींना एकच गोष्ट उमगली होती: तयार किल्ला देण्यापेक्षा चांगला सांधा द्यावा. किल्ला एकदा पाहून होतो. सांध्यातून काय निघेल, हे तो घडवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फरक एवढाच की पडद्यावरची जगं सर्व्हरच्या आधाराने जगतात. जुन्या प्लेस्टेशन 3 वरचे ‘लिटलबिगप्लॅनेट’चे सर्व्हर 2021 मध्ये कायमचे बंद झाले. काडी आणि व्हॉल्व्ह ट्यूबला मात्र वीजही लागत नाही आणि कुणाची परवानगीही.

म्हणून पुण्यात असा की आणखी कुठे, येत्या रविवारी घरातल्या मुलांपुढे सहा काड्या आणि तीन काड्यांचे चार सांधे ठेवा. त्यांचा चार त्रिकोणांचा चतुष्फलक बनतो, एवढंच सांगा. सातवी काडी कुठे लावायची, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.