तांबेरा प्रतिकारक गहू : वाण थकत नाही, तांबेरा बदलतो

🌾 *रब्बी सल्ला – गहू*



गहू बियाण्याची मागणी नोंदवणं सुरू आहे. दरवर्षीसारखे यंदाही दोन प्रश्न येतायत. "वाण तांबेरा प्रतिकारक आहे असं सांगतात, ते ठरवतात कसं?" आणि "आधी स्वच्छ राहणारा गहू आता लाल का पडतो, बियाण्याची ताकद गेली का?" मेसेज थोडा लांब आहे, पण मागणी नोंदवण्याआधी वाचा.

*तांबेरा येतो कुठून?*
तांबेरा म्हणजेच गेरवा. ही बुरशी जिवंत पिकावरच वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात गहू नसतो आणि ऊनही तिला सोसत नाही, म्हणून ती इथं संपते. पण दक्षिणेत निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांत थंड हवेत ती टिकून राहते. तिथून तिचे बीजाणू वारा-पावसाबरोबर दरवर्षी नव्याने वर येतात. डॉ. के. सी. मेहता यांनी बऱ्याच वर्षांच्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. म्हणजे आपलं शेत कितीही स्वच्छ ठेवलं, तरी पाहुणा बाहेरून येणारच. त्याला दारात अडवायचं काम वाणानंच करायचं आहे.

आपल्याकडे दोन प्रकार बघायला मिळतात :
▪️ *तपकिरी तांबेरा* – पानावर नारिंगी-तपकिरी गोल ठिपके.
▪️ *काळा तांबेरा* – खोडावर आणि पानाच्या देठाकडच्या आवरणावर लांबट, गडद फोड. हा जास्त घातक, दाणा चिमतो.
पिवळा तांबेरा मुख्यतः उत्तरेकडच्या थंड भागात असतो.

*वाण त्याला अडवतो कसा?*
गव्हातल्या जनुकांमुळे. जनुक म्हणजे दारावरचा राखणदार समजा. पण बहुतेक राखणदार ठरावीक चेहऱ्याचाच चोर ओळखतात. बुरशीत बदल होऊन चोराचा चेहरा बदलला, की राखणदार जागेवर असूनही चोर आत शिरतो.

या जनुकांना नावं आणि क्रमांक आहेत. काळ्या तांबेऱ्याविरुद्धची 'एसआर', तपकिरीविरुद्धची 'एलआर'. 'एसआर ३१' हे राय नावाच्या धान्यातून गव्हात आणलं. 'एसआर २४' आणि 'एलआर २४' एका रानगवतातून आली. ती शेजारी-शेजारी असल्यानं जोडीनंच पुढच्या पिढीत जातात. आणि आपली *खपली* विसरू नका! 'एसआर १३' आणि 'एसआर १४' ही जनुकं खपली गव्हातून मिळाली. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत १२ गव्हांचा जो संच ठरवला होता, त्यातही खपली होती.

*जनुक तपासणी कशी होते?*
लहान रोपाच्या पानाचा तुकडा घेतात. त्यातून डीएनए काढतात आणि हव्या त्या जनुकाजवळची खूण, म्हणजे मार्कर, आहे का ते यंत्रावर बघतात. रोगाची वाट बघावी लागत नाही. हजारो रोपांतून कामाची निवडता येतात.

मोठा फायदा वेगळाच आहे. समजा, एका वाणात 'एसआर ३१' आधीच काम करतंय. त्यात 'एसआर २४' घातलं, तर ते आलं की नाही हे रोग सोडून कळणार नाही, कारण झाड आधीपासून स्वच्छच आहे. मार्कर मात्र दोन्ही वेगवेगळी दाखवतो. त्यामुळे एकाच वाणात दोन-तीन राखणदार बसवता येतात. एक फसला तर दुसरा असतो.

*पण तेवढ्यावर भागत नाही*
मार्कर सांगतो की जनुक *आहे*. ते आजच्या तांबेऱ्यावर *चालतं का*, हे बुरशी सोडूनच बघावं लागतं. त्यासाठी शिमल्याजवळ फ्लॉवरडेलला आणि आपल्या महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात रोपांवर बुरशीचे वेगवेगळे प्रकार सोडून तपासतात. मग शेतात चाचणी होते. चाचणीच्या वाणांभोवती लगेच रोग पडणाऱ्या गव्हाच्या ओळी पेरतात, मुद्दाम रोग आणतात आणि गुण देतात. '४०एस' म्हणजे ४० टक्के भागावर रोग आणि झाड बळी पडणारं.

काही जनुकं रोपावस्थेत दिसत नाहीत, मोठ्या झाडात काम करतात. 'एलआर ३४' हे त्यातलं. ते रोग पूर्ण थांबवत नाही, पण त्याचा वेग कमी करतं. असे राखणदार सहसा जास्त काळ टिकतात. म्हणून थोडे ठिपके दिसले म्हणजे वाण वाया गेला, असं लगेच समजू नका.

*राखणदार फसल्याची उदाहरणं*
▪️ 'एसआर ३१' जगभरातल्या कितीतरी वाणांत होतं. १९९८ मध्ये युगांडात त्यालाच चुकवणारा काळा तांबेरा सापडला. त्याला 'यूजी ९९' म्हणतात. पुढे तो केनिया, इथिओपिया, येमेन करत इराणपर्यंत गेला. आपले गहू आधीच तयार असावेत, म्हणून भारतातले वाण केनियात नेऊन तपासले गेले.
▪️ पंजाब-हरियाणात 'पीबीडब्ल्यू ३४३' हा एकच वाण फार मोठ्या क्षेत्रावर होता. पिवळ्या तांबेऱ्याचा नवा प्रकार आला, त्यातली जनुकं फसली. बांधाला बांध लागून तोच वाण, त्यामुळे रोगाला अडसरच उरला नाही. शेवटी वाण बदलावे लागले.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. गव्हात स्वपरागीकरण होतं, त्यामुळे घरचं बियाणं ठेवल्यानं जनुक झिजत नाही. भेसळ होते, ती गोष्ट वेगळी. *वाण तोच राहतो, तांबेरा बदलतो.* म्हणूनच त्याच वाणाचं नवं प्रमाणित बियाणं आणलं तरी हा प्रश्न सुटत नाही. वाणच बदलावा लागतो.

✅ *यंदा काय करायचं?*
१) लोक-१ सारख्या जुन्या, तांबेऱ्याला बळी पडणाऱ्या वाणावर सगळं क्षेत्र ठेवू नका. त्याच्या दाण्याला बाजारात मागणी आहे हे मान्य, पण काळा तांबेरा आला तर दाणाच भरत नाही.
२) त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान, एमएसीएस ६२२२ हे प्रतिकारक म्हणून शिफारस झालेले वाण आहेत. घेताना *चालू वर्षाची* शिफारस विचारा, जुनं माहितीपत्रक धरून बसू नका.
३) शक्य असेल तर दोन वाण पेरा. शिवारात सगळ्यांचा एकच वाण नको.
४) बागायती वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. उशिरा पेरलेला गहू काळ्या तांबेऱ्याच्या तावडीत जास्त सापडतो. युरिया जादा टाकू नका.
५) जानेवारीपासून आठवड्यातून एकदा शेतात फिरा. ठिपक्यावर बोट घासा. बोटाला गंजासारखी पूड लागली तर तांबेरा समजा.
६) *प्रतिकारक वाणावर* तांबेरा दिसला तर फवारणीआधी फोटो काढून याच नंबरवर पाठवा आणि ५-६ रोगट पानं किंवा खोडाचे तुकडे सावलीत सुकवून *कागदी पाकिटात* ठेवा. प्लास्टिक पिशवीत नको, नमुना कुजतो. पाकिटावर वाण, गाव, तारीख लिहा. आपण ते तपासणीला पाठवू.
७) नमुना घेतल्यावर थांबू नका. प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, १ मिली प्रति लिटर पाण्यातून फवारा. डब्यावरच्या सूचना पाळा.

सहावा मुद्दा विशेष लक्षात ठेवा. तांबेऱ्याचा नवा प्रकार आधी कुणाच्या तरी शेतातच दिसतो, प्रयोगशाळेत नंतर. तुमचं एक पाकीट वेळेवर पोचलं, तर पुढच्या हंगामात कुठला वाण टाळायचा हे सगळ्यांना आधी कळेल.

बियाणं मागणीसाठी *वाणाचं नाव, एकर आणि गाव* लिहून पाठवा.

🙏 कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी