एकसष्टाचे कोडे

कोंढ्याच्या भातपट्ट्यात रोवणी कोणी पाहिली नाही? तेथूनच आम्ही आरंभ करतो. सारख्या मापाच्या दोन चौरस बांध्या घ्या. जितक्या ओळी, तितकीच ओळीत रोपे. दोन्हींतली रोपे एकत्र केली आणि त्यांत एक मिळवले, तर नेमका एक मोठा चौरस साधेल काय? ओळीत २ रोपे धरली तर ४ आणि ४ आठ, वर एक. नऊ हा ३ चा वर्ग. १२ धरली तर २८८ आणि १. २८९ हा १७ चा वर्ग. ५, ६, ७ धरून पाहा, साधत नाही. अर्धे रोप लावता येत नाही, म्हणून उत्तर पूर्णांकच हवे. सारी अडचण आणि सारी गोडी या अटीत आहे.

आता दोन बांध्यांऐवजी साठ घेऊ. ओळीत ४ रोपे पुरतात : ९६० आणि १ म्हणजे ३१ चा वर्ग. बासष्टांना ८ पुरतात : ३९६८ आणि १ म्हणजे ६३ चा वर्ग. मग मधल्या एकसष्टांना पाच-सहा पुरावीत, असे कोणालाही वाटेल. पण लाखापर्यंत तपासले तरी हाती काही लागत नाही. तेव्हा उत्तर नाहीच, असा निकाल द्यावा काय?

भास्कराचार्यांनी तो दिला नाही. त्यांचा जन्म शके १०३६ चा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकिकत आहे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणिता'त त्यांनी या कोड्यावर चक्रवाळ रीत चालवली. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ अधिक. ही चूक टाकून न देता तिच्याच आधारे पुढची जोडी काढायची : ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, आता ४ कमी. अशा जोड्यांचा परस्पर गुणाकार करण्याची 'भावना' ही युक्ती ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितली होती. तिने थोड्याच पायऱ्यांत उत्तर येते : ओळीत २२,६१,५३,९८० रोपे आणि मोठ्या चौरसाची बाजू १,७६,६३,१९,०४९. याहून लहान उत्तर नाही. हेच ६१ फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले. पुढे लाग्रांजने सिद्ध केले की, दिलेली संख्या स्वतः वर्ग नसेल तर असे उत्तर असतेच.

मात्र सर्वच समीकरणांचे असे नाही. पूर्णांकी उत्तर आहे की नाही, हे प्रत्येक समीकरणाबाबत ठरवून देणारी एकच रीत असू शकत नाही, हे १९७० मध्ये मातियासेविचने दाखवले. म्हणून प्रत्येक जातीच्या कोड्यासाठी वेगळी वाट शोधावी लागते. ती सापडेपर्यंत 'मिळाले नाही' एवढेच म्हणावे. 'नाहीच' म्हणण्यासाठी सिद्धता लागते.