आईची प्रत मुकी, वडिलांची बोलकी : आयजीएफ-२ या प्रथिनाची गोष्ट

आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सहसा दोन्ही चालू असतात आणि एक बिघडली तर दुसरी निभावून नेते. आयजीएफ-२ या प्रथिनाच्या जनुकाचे तसे नाही.

हे प्रथिन इन्सुलिनचे भावंड शोभेल असे आहे. ६७ अमिनो आम्लांची साखळी, घडीही तशीच. म्हणूनच त्याला ‘इन्सुलिनसारखा वाढघटक’ म्हणतात. काम मात्र वेगळे : गर्भातल्या पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटून त्यांना ‘वाढा, विभागा’ असा निरोप देणे.

१९९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांमध्ये हे जनुक मोडून पाहिले. मोडकी प्रत बापाकडून आली, तर पिल्ले नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाचीच झाली. तीच प्रत आईकडून आली, तर काहीच फरक पडला नाही! आईची प्रत मुळातच गप्प होती.

गप्प का? डीएनएची अक्षरे दोन्हीकडे सारखीच असतात. पण जनुकाजवळच्या एका जागी आईच्या प्रतीवर एक प्रथिन बसते आणि जनुक चालू करणारा संदेश अडवते. वडिलांच्या प्रतीवर त्या जागी मिथाइलच्या खुणा असतात, त्यामुळे ते प्रथिन बसूच शकत नाही.

याला जोड आहे दुसऱ्या एका रिसेप्टरची. तो आयजीएफ-२ला पेशीच्या आत ओढून नष्ट करतो आणि उंदरांत त्याची आईचीच प्रत चालते. हा रिसेप्टर नसेल तर पिल्ले बेसुमार वाढून जन्माच्या सुमारास मरतात. आयजीएफ-२ही सोबत काढून टाकले तर जगतात. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांच्या मते ही आईबापांच्या जनुकांमधली रस्सीखेच आहे : बापाच्या जनुकांना पिल्लू मोठे हवे, आईला पुढच्या वेतांसाठीही शक्ती राखायची असते. हे स्पष्टीकरण मला पटते, मात्र ‘हवे’ म्हणजे इच्छा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांची निवड.

माणसात आईचीही प्रत चालू झाली, तर बेकविथ-विडेमान सिंड्रोम होऊ शकतो. बाळ मोठे, जीभ मोठी, शिवाय किडनीत गाठ होण्याचा धोका. म्हणून लहानपणी ठरावीक काळाने सोनोग्राफी करतात. उलट वडिलांचीही प्रत मंदावली, तर सिल्व्हर-रसेल सिंड्रोमची अगदी लहानखुरी बाळे जन्मतात. नेहमीची जनुक-तपासणी फक्त अक्षरे वाचते आणि इथे ती बहुधा ठीकच निघतात. म्हणून डॉक्टरांना मिथाइलच्या खुणा पाहणारी वेगळी चाचणी सांगावी लागते.