काळजी करणारे आईबाप

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भाईंदर स्थानकाच्या पुलावर क्षणभर उभे राहावे आणि उतरणारी माणसे पाहावीत. चर्चगेटपासून इथवर 43-44 किलोमीटरांचा प्रवास, तोही बहुतेकांचा उभ्याने. बायकांच्या डब्यात गाडीतच भाजी निवडून झालेली असते. जिना चढता चढता कानाला फोन लागतो : "शिकवणीला गेला का? पेपर मिळाला का? किती पडले?" कचेरीचे काम संपून दीड तास झालेला असतो आणि घरचे काम तिथेच, जिन्यावरच सुरू होते.

एके काळी ही आगरी-कोळ्यांची, मिठागरांची गावे. 1991 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. ही सारी माणसे कुठून तरी उठून आली. कुणी गिरगाव-परळची चाळ सोडली, कुणी कोकणातले घर. स्वतःची जागा झाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण चाळीत मूल तापाने फणफणले तर शेजारची काकू रात्री येऊन कपाळावर हात ठेवी आणि "उतरेल हो सकाळपर्यंत" म्हणे. तिला वैद्यक येत होते असे नव्हे. एका घरची काळजी चार घरांत वाटली जाई, एवढेच. आता बंद दाराआड ती नवराबायको दोघांवर येते, आणि त्यांतले एक जण बहुधा अजून गाडीतच असते.

या काळजीचे शरीरात काय होते? हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांवरील प्रयोगांचा एक छोटा लेख प्रसिद्ध केला. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य अशी कारणे निरनिराळी; पण उंदरांच्या शरीरात होणारे बदल मात्र पुष्कळसे सारखे, असे त्याला आढळले. माणसाचेही काहीसे तसेच आहे. साहेब बोलला, गाडी चुकली, घराचा हप्ता आला, मुलाला गणितात कमी पडले. शरीराच्या लेखी हे सारे एकच संकट. छाती धडधडते, मान आखडते, झोप उडते. आणि साहेबावरचा राग घरी येऊन मुलाच्या वहीवर निघतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवतो, राहतो मीरा रोडला. त्या वर्षी मुलगी दहावीत होती. चपला काढण्याआधीच मी विचारी, "आज किती झालं?" आपण लक्ष घालतो आहोत, असे मला वाटे. एकदा गाडीतून घरी फोन केला, तर मागून मुलीचा आवाज आला : "आई, बाबांना बसायला जागा मिळाली का, विचार ना!" मला अगदी भरून आले. रात्री मी तिचे कौतुक करू लागलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही उभ्यानं आलात की चौकशी कडक होते, हे तिला पाठ झालंय. जागा मिळाली असेल तरच ती मार्क दाखवते." त्या महिन्यातल्या दोन चाचण्यांचे पेपर तिच्या दप्तरातच राहिले होते. मी मानसशास्त्राची पुस्तके वाचलेला माणूस, बरं का!

गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या एका पुस्तकाचे नावच मुळी 'आईबाप होणे कठीण आहे' अशा अर्थाचे आहे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक 1945 साली याच रेल्वेमार्गावर, पुढे बोर्डीला येऊन राहिल्या. तिकडे लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनल्ड विनिकॉट हे 1940 च्या दशकात असेच रेडिओवरून आयांशी बोलत असत. 'पुरेशी चांगली आई' ही त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. आई हळूहळू थोडी कमी पडू लागते आणि ते थोडे कमी सोसतच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकते, असे त्यांचे म्हणणे. बापांनी हा शब्द स्वतःलाही लावून घ्यायला हरकत नाही.

आता आम्ही काय केले ते. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटे अभ्यासाचा विषय काढायचा नाही, असे ठरवले. हातपाय धुणे, चहा, खिडकीत उभे राहणे. पहिला आठवडा जड गेला. जिभेला सवय होती ना! चुकून आवाज चढलाच तर नंतर "माझं चुकलं" म्हणायचे. याने बापाचा वचक जातो, हे मला पटत नाही. आमच्याकडे उलट दप्तरातले पेपर बाहेर आले. रात्री अंथरुणावर काळज्या घेरू लागल्या की त्या कागदावर लिहाव्यात आणि ज्यांच्यावर उद्या काही करता येईल त्यांच्यापुढे खूण करावी. बाकीच्या तशाच राहतात, हे खरे. पण यादी दिसते त्याहून लहान निघते.

मात्र दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवणावरची वासना उडाली असेल, मुलावर हात उगारला जात असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. रक्तदाबाला डॉक्टर चालतो, मनाला मात्र तो चालत नाही, हा आपल्याकडचा विचित्र संकोच आहे. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री केव्हाही फोन लावता येतो, आणि मराठीत बोलता येते.